एक्सपल्स २००: पैसा कुठे लावला आणि कुठे वाचवला

मे २०१९ मध्ये हिरो मोटोकॉर्पने एक्सपल्स २०० ही मोटरसायकल बाजारात आणली, तेव्हा कार्ब्युरेटरवर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणाऱ्या गाडीची दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ९७,००० रुपये होती. अ‍ॅडव्हेंचर टूरिंग, म्हणजे पक्क्या-कच्च्या रस्त्यांवरची लांबची भटकंती, म्हटले की कित्येक लाखांच्या परदेशी गाड्या डोळ्यांसमोर येत, आणि त्यातल्या त्यात परवडणारी रॉयल एन्फिल्डची हिमालयनही हिच्यापेक्षा बरीच महाग होती. हिरोचा हा पहिला प्रयत्न मात्र नव्हता. २०११ मध्ये आलेल्या दीडशे सीसीच्या इम्पल्सचा बांधा कच्च्या रस्त्याला साजेसा होता, पण इंजिन तोकडे पडले आणि ती फारशी खपली नाही.

आता एक्सपल्सचे पुढचे चाक नीट पाहा. तारांच्या रिंगचे हे चाक २१ इंची आहे. व्यास मोठा असल्यामुळे ते दगडाला धडकून अडण्याऐवजी त्यावरून सहज चढून जाते. धक्के झेलणाऱ्या पुढच्या फोर्कला दबण्यासाठी १९० मिलिमीटर आणि मागच्या मोनोशॉकला (एकाच शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) १७० मिलिमीटर वाव आहे, म्हणून शहरातल्या गाडीवर कंबरडे मोडणारा खड्डा येथे नुसता जाणवतो. इंजिनाचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आहे आणि त्याखाली दगडांचा मार झेलणारी धातूची प्लेट आहे. सायलेन्सर वर वळवलेला असल्याने गुडघाभर ओढा ओलांडताना त्याचे तोंड पाण्याबाहेर राहते. या किमतीच्या गाडीत खरा पैसा लावला आहे तो येथे, आणि आमच्या मते तो योग्य जागी लागला आहे.

बचत झाली ती इंजिनात. १९९.६ सीसीचे, सुमारे १८ अश्वशक्तीचे आणि पाच गिअरचे हे इंजिन घाटात मुकाट्याने काम करते. द्रुतगती रस्त्यावर मात्र ताशी शंभराच्या आसपास पोहोचले की त्याचा दम संपत आल्याचे हँडलवरची थरथर सांगू लागते. २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचे (झडपांचे) इंजिन आल्यावर ही तक्रार कमी झाली, मिटली नाही. पण सुमारे १५४ किलो वजनाची ही गाडी त्या काळच्या हिमालयनपेक्षा जवळजवळ चाळीस किलोंनी हलकी होती, आणि चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उचलण्याची वेळ आली की अश्वशक्तीपेक्षा हा आकडा जास्त मोलाचा ठरतो.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचे चाक मुद्दाम घसरवून वळण घेणाऱ्याला कच्च्या वाटेवर याचा फायदाच होतो. पावसाळ्यात ओल्या डांबरावर घाईने मागचा ब्रेक दाबणाऱ्याने मात्र जपून राहिलेले बरे. २०२३ मध्ये रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे एबीएसचे तीन मोड मिळाले, तसेच पुढचा फोर्क २५० मिलिमीटर दबणारी प्रो आवृत्तीही आली. प्रोची सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे बेताच्या उंचीच्या चालकाचे पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. अशांनी मूळ गाडीचीच ८२० मिलिमीटरच्या आसपासची सीट निवडावी.

एक गोष्ट जाहिरातींत ठळकपणे सांगितली जात नाही: तारांच्या चाकात ट्यूब असते. ट्यूबलेस टायरमधला खिळा तसाच ठेवून पुढचे गाव गाठता येते. ट्यूब फुटली तर चाक उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. लांबच्या प्रवासाला निघताना टायर लिव्हर (रिंगवरून टायर काढण्याची पट्टी), सुटी ट्यूब आणि हातपंप सोबत घ्यावा, आणि चाक काढण्याचा सराव घराच्या अंगणातच करून ठेवावा.