पश्चिमेकडचा झाप

(दुपारचे तीन. पोफळीच्या खोडाजवळ कॅमेरा.)

या खोडाकडे जरा नीट बघा. माडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप उभा करून सुंभाने बांधलाय, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला खोड उघडंच. नव्या माणसाला वाटावं, झाप कमी पडला असेल.

कमी कसला पडतो! आगरात, म्हणजे या नारळी-पोफळीच्या बागेत, झावळ्यांना तोटा नसतो. पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, सोसत नाही ते पश्चिमेचं ऊन. दुपारनंतर ते तिरकं होऊन खोडावर बसतं. मग साल आधी पिवळी पडते, नंतर तपकिरी होते आणि शेवटी चिरते. एखाद्या वाऱ्यात झाड नेमकं त्या चिरेवर मोडतं.

(वरून दृश्य. माडांच्या रांगेत मोठी फट.)

हे रायगड जिल्ह्यातलं श्रीवर्धन. रोठा जातीच्या सुपारीचं गाव. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. इथल्या आणि दिवेआगरच्या आगरांतली झाडं काही तासांत आडवी झाली. पडलेली झाडं सगळ्यांनी मोजली. उभी राहिलेली झाडं मात्र पुढच्या उन्हाळ्यात भाजायला लागली, कारण पश्चिमेच्या अंगाचा माड जाताना आपली सावलीही घेऊन गेला होता. त्या सावलीत जायफळ होतं, खाली पानवेल होती.

(आगरातली वाट. ऊन-सावलीचे ठिपके.)

आगर म्हणजे एक उभी चाळ. सगळ्यात वर माड, साठ-सत्तर फुटांवर. त्याखाली पोफळी, आणि पोफळीच्याच अंगावर चढलेली मिरवेल. मधल्या मजल्यावर जायफळ आणि केळी. तळाला अननस, हळद, अळू. प्रत्येकाला ऊन मिळतं, पण वरच्यांनी गाळून दिलेलं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने हीच मांडणी हिशेबात बसवून ‘लाखी बाग’ म्हणून शेतकऱ्यांपुढे ठेवली.

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ हा शब्द पुस्तकातून मांडला. शेत लावायचं ते जंगलासारखं, एकाचा कचरा दुसऱ्याचं खत व्हावा असं. ते वाचून ‘यात नवीन काय, आमचे आजोबा हेच करायचे’ असं म्हणायचा मोह होतो. तो थोडा आवरावा. आजोबांचं आगर सुपारीच्या पैशासाठी होतं. घरच्या ताटाशी त्याचा खरा संबंध यायचा तो मागच्या दारी.

(मोरीतून बाहेर येणारं पाणी. सिमेंटची छोटी पन्हळ.)

ही पन्हळ. भांड्यांचं पाणी इथून निघतं आणि दहा पावलांवर अळूत शिरतं. अळूतून उरलं तर पुढे केळीला. दोघांनाही पाणी भरपूर लागतं.

या घरच्या काकू सांगतात, “पूर्वी राखेने भांडी घासायचो, तेव्हा विचारच करावा लागत नसे. आता साबण आला. म्हणून तेलकट भांडी आधी कागदाने पुसते आणि साबण बेताने घेते. नाहीतर अळूची पानं कशी मलूल होतात, बघाल तुम्ही.”

फदफद्याला, म्हणजे अळूच्या पातळ भाजीला, पानं कापताना त्या प्रत्येक गड्ड्याला दोन-तीन पानं ठेवतात.

(आळ्याचा क्लोज-अप. सोडणं हाताने उचलून दाखवली जातात.)

इथली जमीन रेताड. पावसाळ्याच्या चार महिन्यांत धो धो पडतं आणि तितक्याच घाईने खाली निघून जातं. जानेवारीपासून शिंपणं आलंच. रहाट गेला, पंप आला, पण रेती तीच. म्हणून आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतूंची सालं, पुरायची, खोलगट बाजू वर करून. म्हणजे प्रत्येक सोडण एक वाटी होतं. त्यावर पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला. घरचे काका बोट खुपसून दाखवतात. वर कोरडं, बोटभर खाली ओल. पातेरा जाळणाऱ्यांवर त्यांचा फार राग आहे, आणि तो ते लपवत नाहीत.

गच्चीवर ड्रममध्ये भाज्या लावणाऱ्यांनी इथून दोन गोष्टी उचलाव्यात. तळाला सोडणं, वर वाळका पाला. आणि झाड आणण्याआधी दुपारी तीन वाजता गच्चीत उभं राहून ऊन कुठून येतं ते बघणं. कुंडी कुठली घ्यावी यावर आपण तासभर घालवतो, पश्चिम कुठे आहे ते बघत नाही.

(नवी लागवड. केळीच्या आडोशाला पोफळीचं रोप.)

वादळानंतर इथे पोफळी लावायच्या होत्या, पण काकांनी आधी केळी लावल्या. पोफळ फळायला पाच-सात वर्षं घेते, माड त्याहूनही सावकाश. केळ वर्षभरात घड देते आणि त्याआधीच सावली धरते. घड घरात येतो, तोवर शेजारचं पोफळीचं रोप उन्हापासून वाचतं.

“जायफळ अजून लावलं नाही?”

“कलमच लावणार. बियांचं रोप लावलं आणि सात वर्षांनी नर निघालं, फळच धरलं नाही, तर कुणाला सांगू?”

(संध्याकाळ. काका कोयता घेऊन केळीपाशी.)

ही पोफळ आता डोक्यावर गेली. तिला केळीची गरज उरली नाही, उलट अडचणच. घड मागच्या आठवड्यात उतरवला. कोयत्याचे तीन घाव, आणि केळ आडवी. खोडातून पाणी ठिबकतंय. काका तिथेच त्याचे हातभर तुकडे करतात, उभे चिरतात आणि पोफळीच्या आळ्यात गोल लावून ठेवतात, कापलेली बाजू मातीकडे.