मांडवीकाठच्या टेकडीवरील रोझरी माता चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

जुने गोवे पाहायला गेलेला प्रवासी बॉम जेझू बॅसिलिका आणि से कॅथेड्रल पाहतो, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेपुढे क्षणभर थांबतो आणि पणजीच्या वाटेला लागतो. तेथून पश्चिमेला, मांडवीच्या पात्रालगत उंचावर उभ्या असलेल्या रोझरी माता चर्चकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. वास्तविक जुन्या गोव्यात आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या चर्चांमध्ये याची गणना होते, आणि पोर्तुगीज सत्ता येथे नुकती रुजत असताना तिचे मन कसे होते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी या टेकडीवरच चढले पाहिजे, असे माझे मत आहे.

१५१० च्या आरंभी पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे घेतले, परंतु काही महिन्यांतच त्याला माघार घ्यावी लागली. पावसाळा सरल्यावर तो पुन्हा आला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर कायमचे पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्या दिवशीची लढाई त्याने याच उंचवट्यावरून पाहिली, अशी नोंद करणारा शिलालेख येथे आहे. विजयासाठी केलेल्या नवसाची फेड म्हणून येथे प्रार्थनास्थळ उभे राहिले, असे परंपरा सांगते. १५४२ साली गोव्यात आलेले झेवियर सायंकाळी याच टेकडीवर धर्मशिक्षण देत, असेही सांगितले जाते. मात्र आपण आज पाहतो ती इमारत त्यानंतरची, म्हणजे १५४० च्या दशकाच्या मध्यावर आकाराला आलेली आहे.

चर्चसमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदा आठवतो तो किल्ला. दर्शनी बाजूला पुढे आलेला मजली द्वारमंडप, त्याला कवटाळून असलेले बुरुजासारखे गोल मनोरे, जाड भिंती आणि पार छपराजवळ नेऊन बसवलेल्या खिडक्या, असा एकंदर थाट आहे. शत्रू पुन्हा येईल ही धास्ती अजून विरलेली नव्हती, हे या रचनेवरून सहज कळते. मनोऱ्यांकडे निरखून पाहिले तर त्यांच्या अंगाभोवती पीळ दिलेल्या दोरखंडाच्या आकाराची नक्षी फिरवलेली दिसते. पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानुएलाईन शैलीची ही खूण असून, समुद्रपर्यटनावर वैभव उभारणाऱ्या त्या राज्याने जहाजावरचा दोरखंडच दगडी अलंकारात आणला होता. द्वारमंडपाच्या छतातील फासळीदार कमानींत मध्ययुगीन युरोपातील गॉथिक पद्धतीचा अवशेष आढळतो. पुढे गोव्यात अलंकारांनी गजबजलेल्या बरोक शैलीचा जो डामडौल आला, त्याचा येथे मागमूस नाही.

बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. आपल्या कोकणातील घरांचा हाच चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो; पण तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. या चर्चच्या भिंती गिलाव्याने झाकलेल्या आहेत. बॉम जेझूचा गिलावा मात्र विसाव्या शतकात काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून तिचा उघडा दगड पावसात झिजतो आहे. लालसर रंग छायाचित्रात शोभतो, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

आत एकच सभागृह, तीन वेद्या आणि बरीचशी मोकळी, साधी भिंत आहे. या साधेपणात डोळा अडकतो तो मुख्य वेदीजवळच्या एका स्मारकापाशी. १५४० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर झालेल्या गार्सिया द सा याची पत्नी कातारीना आ पिरो हिचे ते स्मारक. भारतात आलेल्या पहिल्या पोर्तुगीज स्त्रियांत तिचे नाव घेतले जाते. ती मृत्युशय्येवर असताना झेवियर यांनी तिचा विवाह लावून दिला, अशी आख्यायिका आहे. संगमरवरावरील नाजूक कोरीव काम गुजरातच्या, खंबायतकडील धाटणीचे आहे. ख्रिस्ती बाईच्या स्मृतीसाठी पश्चिम हिंदुस्थानातील कारागिरीचा हात लागला, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाराविषयी पुष्कळ सांगून जाते.

याच टेकडीवर संत ऑगस्टीनचे विशाल चर्च होते. एकोणिसाव्या शतकात मठ बंद झाल्यावर ते ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि आता मनोऱ्याचा एक भाग तेवढा उरला आहे. त्यामानाने लहान, बसके आणि जाड भिंतींचे रोझरी माता चर्च तगून राहिले. १९८६ साली युनेस्कोने जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा या दोन्ही वास्तूंचा त्यात समावेश झाला.