चोनबुरी: बँकांच्या फुटबॉलकडून गावाच्या फुटबॉलकडे

थायलंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेला ‘थाई लीग 2’ म्हणतात. तिच्यात अठरा संघ असतात, प्रत्येकाला चौतीस सामने खेळावे लागतात, पहिले दोन थेट वरच्या श्रेणीत जातात आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एका जागेसाठी आपसांत झुंजावे लागते. 2024-25 च्या हंगामात ह्या स्पर्धेत लाम्पांग, फ्रे, त्रात, चांथाबुरी अशा गावांच्या संघांबरोबर चोनबुरी एफसी खेळत होता. हा क्लब 2007 चा राष्ट्रीय विजेता. सलग अठरा हंगाम सर्वोच्च श्रेणीत काढून तो 2024 मध्ये खाली घसरला. आज मी त्याच्याचविषयी बोलणार आहे, कारण थायलंडमधील क्लब फुटबॉल कोणाच्या मालकीचे असावे, ह्या प्रश्नाचे सगळे पदर त्याच्या इतिहासात उलगडतात.

त्यासाठी आधी बँकॉकचे फुटबॉल पाहावे लागेल. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तिचा पहिला विजेता होता बँकॉक बँकेचा संघ. त्यानंतरची यादी वाचली तर ती क्लबांची आहे की सरकारी आणि खाजगी आस्थापनांची, असा प्रश्न पडावा: थाई हवाई दल, सिंथाना, बीईसी तेरो सासाना, क्रुंग थाई बँक, तंबाखू मक्तेदारी मंडळ, बँकॉक विद्यापीठ. बंदर प्राधिकरण, वीज मंडळ आणि दूरध्वनी महामंडळ ह्यांचेही संघ होते. खेळाडूला बँकेत किंवा महामंडळात नोकरी मिळे, पगार वेळेवर होई, पाय थकल्यावरही रोजीरोटीची सोय राही. ही व्यवस्था कमी प्रतीची मुळीच नव्हती. थाई फार्मर्स बँकेच्या संघाने 1993-94 आणि 1994-95 असे लागोपाठ दोनदा आशियाई क्लब विजेतेपद मिळवले, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पण ह्या संघांना गाव नव्हते. राजधानीतल्या मैदानांवर ते एकमेकांशी खेळत, आणि आपला संघ म्हणून त्यांच्यामागे उभी राहील अशी वस्ती कोठेच नव्हती. म्हणून 1997 च्या आर्थिक अरिष्टाने बँकांचे कंबरडे मोडले तेव्हा, आशियाचा दोनदा विजेता ठरलेला थाई फार्मर्स बँकेचा संघ 2000 साली बंद झाला. तो वाचवण्यासाठी धावून येईल असे गाव त्याच्या पाठीशी नव्हते, ही गोष्ट मला त्या पराक्रमाइतकीच बोलकी वाटते.

प्रांतांचे फुटबॉल ह्याला समांतर चालले होते. 1999 पासून थायलंडच्या क्रीडा प्राधिकरणाने प्रांतांच्या संघांसाठी वेगळी लीग चालवली. तिचा दर्जा राष्ट्रीय लीगपेक्षा खालचा समजला जाई. प्रेक्षक मात्र तिच्याकडे होते, कारण तिथे बँकेऐवजी जिल्हा खेळत होता. चोनबुरी ह्याच लीगमधून वर आला. क्लबची स्थापना 1997 ची. 2005 मध्ये त्याने प्रांतिक लीग जिंकली आणि 2006 मध्ये सुफानबुरीसह त्याला राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्याच वर्षी सिंगापूर कपच्या अंतिम सामन्यात हा नवखा संघ टॅम्पिनीज रोव्हर्सकडून 2-3 असा हरला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2007 मध्ये, दोन्ही लीग एकत्र होऊन राष्ट्रीय लीग सोळा संघांची झाली आणि जादेत मीलाप ह्यांच्या प्रशिक्षणाखाली चोनबुरीने ती जिंकली. प्रांतिक लीगमधून आलेल्या संघाने देशाचे विजेतेपद मिळवल्याची ही पहिलीच वेळ होती.

मराठी पर्यटकांना पट्टाया ठाऊक असते. ते चोनबुरी प्रांतातच येते. पण प्रांताची खरी ओळख पट्टायाच्या बाहेर आहे: बांगसेनची चौपाटी, आंगसिलाचे दगडी खल आणि ताजी मासळी, लेम चाबांगचे प्रचंड बंदर, सी राचाच्या परिसरात वसलेली जपानी कर्मचाऱ्यांची वस्ती, आणि वर्षावास संपताना चोनबुरी गावात होणाऱ्या रेड्यांच्या शर्यती. बँकॉकपासून रस्त्याने दीड-दोन तासांच्या अंतरावर असूनही ह्या किनाऱ्याला स्वतःचा ताठा आहे. निळ्या जर्सीतल्या संघाला लोकांनी ‘छलाम चोन’, म्हणजे चोनबुरीचे शार्क, हे नाव दिले आणि घरच्या सामन्याला मैदान भरू लागले. आघाडीवीर पिपोप ओन-मो, गोलरक्षक सिंथावीचाई, मध्यरक्षक आथित सुंथोनपित ही नावे गावातल्या लहान मुलांच्या तोंडी होती. आपल्याच आवारात वाढलेली मुले वरच्या संघात उतरवण्याची सवय क्लबने पुढेही सोडली नाही. वोराचित कानितस्रीबाम्पेनसारखा खेळाडू तिथूनच राष्ट्रीय संघापर्यंत गेला. ह्या घडणीत वित्तया लाओहाकुल ह्यांचा वाटा मोठा आहे. 1970 च्या दशकात जपानच्या यानमार डिझेलकडून आणि नंतर जर्मनीत हेर्टा बर्लिनकडून खेळलेला हा माणूस बुंडेसलिगात उतरलेला पहिला थाई खेळाडू होता. परदेशात पाहिलेली शिस्त त्यांनी ह्या किनारी गावात रुजवली.

12 मार्च 2008 रोजी ओसाकात झालेला सामना मी नेहमी उदाहरणादाखल देतो. आशियाई चॅम्पियन्स लीगमधला चोनबुरीचा तो पहिलाच सामना, आणि समोर गाम्बा ओसाका. दोनच वर्षांपूर्वी हे लोक प्रांतिक लीगमधून आले होते. सामना 1-1 असा सुटला. आठवड्याभराने त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न व्हिक्टरीला 3-1 असे हरवले. गटातून पुढे गेला गाम्बा, आणि त्या वर्षी आशियाचा विजेताही तोच ठरला. म्हणजे चोनबुरीने बरोबरी साधली होती ती आशियातल्या त्या वर्षीच्या सर्वांत बलाढ्य संघाशी, आणि तीही त्याच्याच अंगणात. पुढे दुय्यम आशियाई स्पर्धेत, एएफसी कपमध्ये, क्लब 2009 आणि 2011 मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. 2011 च्या गटात कोलकात्याचा ईस्ट बंगाल त्याचा प्रतिस्पर्धी होता. 2012 मध्ये उपांत्य फेरीत इराकच्या एर्बिलने त्याची वाट रोखली.

देशातले दुसरे लीग विजेतेपद मात्र आलेच नाही. 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014 अशी पाच वर्षे क्लब उपविजेता राहिला. ह्यामागचे कारण थाई फुटबॉलच्या अर्थकारणात आहे. 2009 पासून आशियाई महासंघाच्या अटींमुळे प्रत्येक क्लबाला कंपनी म्हणून नोंद करावी लागली, आणि ज्यांच्याकडे नाव होते पण गाव नव्हते असे संघ विक्रीला निघाले. क्रुंग थाई बँकेच्या संघाची जागा बँकॉक ग्लास ह्या काच कंपनीने घेतली. वीज मंडळाचा संघ अयुथयात मुक्काम हलवून 2008 चा विजेता झाला होता. राजकारणी नेविन चितचोब ह्यांनी तो 2009 च्या अखेरीस ताब्यात घेतला आणि ईशान्येकडील बुरीरामला नेला. तोच आजचा बुरीराम युनायटेड, देशातला सर्वांत यशस्वी क्लब. अयुथयाच्या प्रेक्षकांचे काय झाले, हे त्या व्यवहारात कोणी विचारले नाही.

चोनबुरीलाही राजकारण्यांचाच आधार होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रांताच्या राजकारणावर दीर्घकाळ पकड असलेल्या खुनप्लूम घराण्यातील वित्तया खुनप्लूम हे क्लबाचे प्रमुख आणि प्रांतिक प्रशासन संस्थेचेही निवडून आलेले अध्यक्ष. एका घराण्यावर इतका भार टाकणे धोक्याचेच असते. ह्याच प्रांतातला पट्टाया युनायटेड 2018 च्या हंगामानंतर नाव आणि मुक्काम बदलून समुत प्राकान सिटी झाला, त्यावरून हा धोका किती जवळचा होता ते कळते. तरीही चोनबुरीत क्लब आणि गाव ह्यांची गाठ सुटली नाही, आणि मला वाटते की ह्याचे श्रेय घराण्यापेक्षा मैदानावर येणाऱ्या माणसांकडे जास्त जाते.

करंडक अधूनमधून येत राहिले. 2010 मध्ये अतिरिक्त वेळेत मुआंगथाँग युनायटेडला 2-1 असे नमवून एफए कप, म्हणजे देशातली बाद फेरीची स्पर्धा, जिंकता आला. 2016 चा एफए कप विलक्षण परिस्थितीत आला: 13 ऑक्टोबरला राजे भूमिबोल अदुल्यदेज ह्यांचे निधन झाले, हंगाम मध्येच थांबवण्यात आला आणि उपांत्य फेरीतले चोनबुरी, सुखोथाई, राचाबुरी आणि चैनात हे चारही संघ संयुक्त विजेते ठरले. 2021 मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण चियांगराईने पेनल्टीवर मात केली. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलमध्ये, ह्याच गावच्या ब्लू वेव्ह संघाने 2013 आणि 2017 मध्ये आशियाई क्लब विजेतेपद आणले.

ह्या काळात क्लब हळूहळू दुबळा होत होता. पैशाच्या शर्यतीत बुरीराम, बीजी पथुम (पूर्वीचा बँकॉक ग्लास) आणि बंदर प्राधिकरणाचा जुना संघ पुढे निघून गेले; चोनबुरीने घडवलेले खेळाडू त्यांच्या जर्सीत दिसू लागले. वोराचितही पथुमला गेला. आपण तयार करायचे आणि दुसऱ्याने न्यायचे, हे चक्र एकदा सुरू झाले की गुणतालिकेतली घसरण अटळ असते, आणि 2024 मध्ये ती श्रेणीबाहेर घेऊन गेली. पण थाई फार्मर्स बँकेच्या बाबतीत घडले ते इथे घडले नाही. नाव तेच राहिले, रंग तोच राहिला, परवाना दुसऱ्या प्रांतात गेला नाही. 2025 मध्ये चोनबुरीने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि तो वर परतला. त्याच हंगामात त्याच्याबरोबर वर चढलेल्या संघांत अयुथया युनायटेड होता: वीज मंडळाचा विजेता संघ ज्या गावातून उचलून नेला गेला, त्याच गावाचा क्लब.