हिब्रू शिकायची, पण कुणाच्या पुस्तकातून?

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरबसल्या आधुनिक हिब्रू : साधनं कशी निवडावीत’. अलिबागेत हिब्रू कशाला, असं इथं कुणी विचारणार नाही. इस्रायल आळी आपल्या रोजच्या वाटेवर, बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, पूर्वज जिथं उतरले असं मानतात ते नवगाव हाकेच्या अंतरावर. त्यांच्यातले पेणकर, रोहेकर, दिवेकर आपल्याच बाकावर बसले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, हेही मी सांगायला नको. सांगितलं, ती जित्याची खोड.

माझं म्हणणं एवढंच, की हिब्रूची बहुतेक पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि आपण ती साहेब होऊन वाचतो.

आमच्या भाच्याचं ऐका. मुंबईच्या एका दुकानातून त्यानं जाडजूड पुस्तक आणलं. दुकानदार म्हणाला, ‘यात सगळं आहे.’ होतं, फक्त हिब्रू अक्षरं नव्हती! सगळा मजकूर रोमन लिपीत. पठ्ठ्यानं पावसाळाभर घोकंपट्टी केली. दिवाळीच्या सुमारास इस्रायलमधल्या दिमोनाहून एक आजोबा वाडवडिलांचं घर बघायला आले. पडवीत झोपाळ्यावर बसून बशीतून चहा पीत होते. आमचे चिरंजीव पुढे झाले. ‘बोकर टोव!’ म्हणजे सुप्रभात. आजोबा हसले. मग अदबीनं ‘स्लिचा’. आजोबांनी बशी खाली ठेवली आणि घरच्या बाईंना विचारलं, ‘पोराला काय हवंय गो?’ बाई म्हणाल्या, ‘चहाच मागत असेल.’ चहा आला. भाच्यानं कप घेतला आणि म्हणाला, ‘टोडा राबा!’ तेव्हा आजोबा म्हणाले, ‘बाळा, मराठीत बोल. मला येते.’

(हसू नका, तो मागच्या रांगेत बसलाय.)

त्याला म्हणायचं होतं ‘स्लिखा’, म्हणजे माफ करा. ख घशातून खरखरता. रोमनमध्ये तिथं सी-एच, म्हणून यानं च केला. आणि आभाराचा शब्द ‘तोदा’. हिब्रूचे त-द आपल्या त-दच्या जवळचे. इंग्रजाच्या जिभेला त नाही, म्हणून तो ट म्हणतो. आपण तो ट त्याच्याकडून उसना आणायचा? काखेत कळसा नि गावाला वळसा! ‘त्सादी’ अक्षराचा उच्चार समजावताना इंग्रजी पुस्तकं घाम गाळतात. आपल्याला तो चमच्यातला च. ‘अनी होलेख’, ‘अनी होलेखेत’ म्हणजे मी जातो, मी जाते. क्रियापद बाई-पुरुष का बघतं, याची समजूत घालणारा धडा आपण खुशाल उलटावा. आपल्याला तीन लिंगं सांभाळायची सवय, तिथं दोनच आहेत.

मराठीतून हिब्रू व्याकरण नव्हतं असं नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत ते छापलं. पण ती धर्मग्रंथांची हिब्रू. तिच्यावर बसचं तिकीट मिळणार नाही. हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणण्यासाठी झटणारे, घरात मुलाशी फक्त हिब्रूच बोलायची असा हट्ट धरणारे एलिएझेर बेन-येहुदा जेरुसलेमला पोचले १८८१ साली, आणि त्यांचा जन्मच १८५८ चा. तेव्हा पुस्तक आधुनिक हिब्रूचं आहे की बायबलच्या, हे पैसे देण्याआधी बघा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पत्रिकेवरचा विषय आता पाच मिनिटांत उरकतो.

निकुद म्हणजे स्वरांच्या खुणा. वर्तमानपत्रांत त्या नसतात, मुलांच्या पुस्तकांत असतात. ‘क म ल’ एवढंच छापलं तर कमल, कमाल की कोमल? तसंच सामेख (स), पे (प किंवा फ), रेश (र) ही तीन अक्षरं. सेफेर वाचलं तर पुस्तक, सापार वाचलं तर न्हावी, साफार वाचलं तर मोजलं. म्हणून पहिल्या धड्यांत निकुद देणारं आणि पुढे ते हळूहळू काढून घेणारं पुस्तक घ्या. आपण अडखळतो ते इथंच, वेळ इथं घाला.

कानासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा १९६० च्या दशकातला ध्वनिपाठ फुकट मिळतो. कंटाळवाणा आहे, शब्दही जुने, पण वाक्य तोंडात बसतं. हेच खातं इंग्रजी भाषकाला हिब्रूसाठी सुमारे ११०० तास वर्ग लागतात असं धरतं, तेव्हा ‘तीस दिवसांत हिब्रू’ दुकानातच ठेवा. सोबत इस्रायलच्या ‘कान’ प्रसारण संस्थेचा रेडिओ लावा, समजो न समजो.

क्रियापदांचे सात साचे आहेत, त्यांना बिन्यान म्हणतात. ‘पेआलिम’ या संकेतस्थळावर धातू टाकला की सगळी रूपं निकुदसकट समोर येतात. वेगळं रूपावलीचं पुस्तक कशाला? मुख्य पुस्तक मात्र एकच ठेवा, पाच घेऊन पाचांचा पहिला धडा करणारे इथंही बसलेत. आणि हाताने लिहायची हिब्रू अक्षरं छापील अक्षरांहून निराळी असतात. ती शिकवणारं पान पुस्तकात नसेल तर दिमोनाच्या आजोबांची चिठ्ठी आली तरी वाचता येणार नाही. नमुन्याची पुस्तकं मागच्या टेबलावर आहेत. चाळा, पण चहाचे कप लांब ठेवा.