न्यूपोर्टची कड्यावरची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आईवडिलांना हल्ली मुलं मोठ्या हौसेने क्रूझवर नेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा बॉस्टनहून निघून उत्तरेला कॅनडाकडे जाणारी बरीच जहाजं वाटेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला थांबतात. मुक्काम जेमतेम दिवसाचा. आदल्या रात्रीच जहाजावर सहलींचं पत्रक हातात पडतं. बसमधून शहरदर्शन, महालांची सहल, शिडाच्या बोटीची फेरी, आणि समोर डॉलरचे आकडे. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पाय धड असतील तर ते पत्रक बाजूला ठेवा. चांगले बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि चालायला निघा. न्यूपोर्टला ‘क्लिफ वॉक’ नावाची साधारण साडेपाच किलोमीटरची पायवाट आहे. डाव्या हाताला अटलांटिक, उजव्या हाताला अमेरिकेतल्या एके काळच्या सर्वांत श्रीमंत घराण्यांचे महाल. या वाटेला तिकीट नाही, फाटक नाही. ते का नाही, हेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

मोठी जहाजं इथे धक्क्याला लागत नाहीत. ती बंदरात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर आणतात. उतरल्यावर जुन्या गावातून चढ चढत वीस-पंचवीस मिनिटं चाललं, की मेमोरियल बुलेव्हार्डच्या टोकाला वाट सुरू होते. जाताना थोडी वाकडी वाट केलीत तर 1763 सालचं टूरो सिनेगॉग लागेल. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या सिनेगॉगमध्ये हे सर्वांत जुनं. ज्यू लोक इतक्या आधी इथे निर्धास्तपणे कसे राहिले, याचं उत्तर 1663 सालच्या एका सनदेत आहे. न्यूपोर्टचे धर्मोपदेशक आणि वैद्य जॉन क्लार्क यांनी ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून मिळवली. धर्माच्या बाबतीत कुणालाही त्रास दिला जाणार नाही, असं त्या सनदेने कबूल केलं. त्याच सनदेत मासेमारीच्या हक्काचाही उल्लेख आहे, आणि आपल्या वाटेचा उगम तिथेच आहे.

सुरुवातीची वाट सोपी, फरसबंद आहे. कठड्यापलीकडे काळसर थरांचे खडक आणि त्यांवर फुटणारं पाणी. काठाने गुलाबाची झुडपं दाटीने वाढलेली आहेत. मूळची पूर्व आशियातली ही जात खारं वारं आणि वाळू दोन्ही सोसते. सप्टेंबरात फुलं थोडीच उरतात, पण फळं लालभडक होऊन लटकलेली असतात. वाकून पाहिलं तर फळाच्या बुडाशी वाळलेल्या हिरव्या पाकळ्यांचा झुपका दिसतो, आणि देठांवर काटे इतके बारीक आणि दाट की बोट ठेवायला जागा नाही.

पुढे ‘फॉर्टी स्टेप्स’. इथून दगडी पायऱ्या कड्यावरून थेट पाण्याकडे उतरतात. महालांमधून राबणारे नोकरचाकर, आचारी, मोलकरणी रात्री काम आटोपल्यावर इथे जमायचे, वाद्यं वाजवायचे, नाचायचे. मला या वाटेवरची ही सर्वांत जिव्हाळ्याची जागा वाटते. महालातले दिवाणखाने ज्यांनी पुसले, त्यांचा दिवाणखाना हा होता. याच भागात मार्च 2022 मध्ये कड्याचा एक तुकडा वाटेसकट समुद्रात कोसळला आणि लोकांना गावातल्या रस्त्याने वळसा घालावा लागला. म्हणून निघण्यापूर्वी वाट कुठे बंद आहे का, याची चौकशी करून घ्यावी.

मग येतो ‘द ब्रेकर्स’. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे अध्यक्ष कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे यांनी 1895 मध्ये पुरं केलेलं हे सत्तर खोल्यांचं घर, आणि राहायचे ते उन्हाळ्यापुरते. आधीचं लाकडी घर 1892 मध्ये जळालं होतं. त्याची धास्ती एवढी, की नव्या घराच्या सांगाड्यात लाकूड वापरू दिलं नाही आणि पाणी तापवण्याचा बॉयलरही घरापासून दूर जमिनीखाली ठेवला. न्हाणीघरातल्या टबाला गोड्या पाण्याचे नळ होतेच, शिवाय समुद्राच्या पाण्याचेही होते. समुद्र ज्यांनी नळाने घरात आणला, त्यांच्या हिरवळीच्या कडेने आपण उघड्या समुद्राशेजारून चालत असतो.

इथे माझ्या पुढे एक मराठी जोडपं होतं. काका एकदम थबकले. “अगं, आपण यांच्या अंगणात तर नाही ना शिरलो?”

काकू म्हणाल्या, “नाही हो, वाट सगळ्यांची आहे. चला पुढे.”

काकूंचं बरोबर होतं, पण काकांची शंकाही अगदीच चुकीची नव्हती. ही वाट बव्हंशी खाजगी जमिनीवरूनच जाते. जमीन मालकाची, तिच्यावरून चालण्याचा हक्क लोकांचा. कोळी, शेतकरी, फिरायला येणारी माणसं या कड्यावरून आधीपासून जात होती आणि महाल नंतर आले. काही मालकांनी वाट स्वतः नीट बांधून दिली, तर काहींनी भिंती आणि कुंपणं घालून ती अडवायचा प्रयत्न केला. लोक मागे हटले नाहीत.

या हक्काला राज्याच्या घटनेचा आधार आहे. 1843 मध्ये अमलात आलेल्या ऱ्होड आयलंडच्या घटनेत मासेमारीचे हक्क आणि ‘किनाऱ्याचे अधिकार’ लोकांकडेच राहतील असं लिहिलं. हे अधिकार म्हणजे नेमके काय, ते 1986 च्या दुरुस्तीने सांगितलं: किनाऱ्यावरून मासे धरणं, समुद्रशेवाळ गोळा करणं, पोहण्यासाठी समुद्रात उतरणं आणि किनाऱ्याने चालत जाणं. राज्याच्या घटनेत, भाषणस्वातंत्र्याच्या शेजारी, शेवाळ गोळा करण्याचा हक्क! शेतकरी ते शेवाळ खत म्हणून शेतात घालत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या ओळीचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे 1991 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला, पण तिचा भर किनाऱ्यावर काय बांधावं आणि काय बांधू नये यावर होता. किनाऱ्याने चालण्याचा हक्क इतक्या सरळ शब्दांत आपल्याकडेही लिहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात लिहून भागत नाही. किनारा सुरू कुठे होतो? ऱ्होड आयलंड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितलं, की भरतीच्या सरासरी पातळीला लोकांचा हक्क संपतो. ही सरासरी 18.6 वर्षांच्या भरत्यांची, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र पुरं व्हायला तेवढा काळ लागतो. खटला उभा राहिला होता तो किनाऱ्यावरचा कचरा उचलणाऱ्या लोकांवर, दुसऱ्याच्या जागेत शिरल्याबद्दल! अशी रेषा वाळूत डोळ्यांना दिसणार कशी? बऱ्याचदा ती पाण्याखालीच असते. लोक चाळीस वर्षं भांडत राहिले आणि 2023 मध्ये विधिमंडळाने कायदा केला: भरतीची जी खूण डोळ्यांना दिसते, तिच्यापासून जमिनीकडे दहा फुटांपर्यंत लोकांना वावरता येईल. ही खूण कोणती, ते वाळूवर उतरलात की लगेच कळतं. काळपट, अर्धवट वाळलेल्या शेवाळाची एक नागमोडी ओळ असते. तिच्यात खेकड्यांच्या कवच्या, शिंपल्यांचे तुकडे, एखादं पीस अडकलेलं असतं. पायाने ती जराशी उचलली, की खालून बारीक उड्या मारणारे किडे चहूकडे पळतात. त्या ओळीपासून हा कायदा लोकांचा हक्क मोजतो.

पुन्हा वाटेवर येऊ. ब्रेकर्सच्या पुढे रगल्स अव्हेन्यू लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर इथून मागे फिरावं, कारण पुढची वाट खडबडीत आहे. पुढे गेलात तर मार्बल हाऊसच्या आवारातलं चिनी धाटणीचं चहाघर कड्यावर दिसतं आणि आपली वाट बोगद्यातून त्याच्या खालून निघते. मार्बल हाऊसची मालकीण अल्वा हिने स्त्रियांच्या मताधिकारासाठी 1909 आणि 1914 मध्ये याच आवारात सभा भरवल्या. तिथल्या कपबशांवरही ‘स्त्रियांना मताधिकार द्या’ असं छापलेलं होतं. एवढ्या संगमरवरात मला त्या कपबशा जास्त मोलाच्या वाटतात.

शेवटच्या टप्प्यात रफ पॉइंट हे डॉरिस ड्यूक हिचं घर. ही तंबाखूच्या धंद्यात गब्बर झालेल्या घराण्याची वारस. 1935 मध्ये ती मधुचंद्राला भारतात आली, ताजमहाल पाहून भारावली आणि संगमरवरी शयनगृहाची मागणी नोंदवूनच परतली. मात्र तिने न्यूपोर्टसाठी केलेलं मोठं काम वेगळंच आहे. 1968 मध्ये संस्था काढून तिने गावातली अठराव्या शतकातली साधीसुधी लाकडी घरं विकत घेतली आणि दुरुस्त करून वाचवली. बोटीकडे परतताना ती घरं पाहायला विसरू नका.

रफ पॉइंटनंतर मोठमोठ्या दगडांवरून तोल सांभाळत जावं लागतं. पाऊस झाला असेल तर तिथे जाऊच नये. वाट संपते ती एका खाजगी क्लबच्या पुळणीशेजारी. त्याला लागूनच सगळ्यांसाठी खुली असलेली वाळूची एक लहानशी पट्टी आहे. तिथे बूट काढून पाण्यात उतरा. परतीसाठी बेलव्ह्यू अव्हेन्यूने सरळ उत्तरेला चालायचं. सगळी वाट, परतीचं चालणं आणि मध्ये थोडं बसणं यांना मिळून चार-पाच तास हाताशी ठेवा, आणि जहाजाकडे जाणारी शेवटची बोट किती वाजता सुटते, ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.

नमस्कार.