झुडपामागून पाहणारा माणूस

आधी पानं हलतात. मग दोन हात झुडूप बाजूला सारतात आणि एक रुंद खांद्यांचा माणूस समोर टक लावून पाहू लागतो. पुढच्या दृश्यात हत्तीवर बसलेला एक लहान मुलगा. पुन्हा झुडूप. पुन्हा तोच चेहरा.

आता दोघांच्या हालचालींकडे लक्ष द्या. झुडपातला माणूस आपल्यासारखाच हलतो. समोरची माणसं मात्र भरभर चालतात, भरभर वळतात. दिसायला ती त्याच्यापासून चार पावलांवर आहेत. खरं तर त्यांच्यात १८ वर्षांचं अंतर आहे.

हा चित्रपट ‘द व्हाइट गोरिला’, साल १९४५. झुडपामागचा नट रे कॉरिगन. तो ज्यांच्याकडे पाहतोय ती माणसं १९२७ सालच्या ‘पेरिल्स ऑफ द जंगल’ या अमेरिकन मूकपट-मालिकेतली. बोलपट आले आणि अशा मालिकांची रिळं डब्यात गेली. पण डबे निर्मात्याकडेच होते. हत्ती, सिंह, मारामाऱ्या, सगळं आधीच चित्रित झालेलं. नव्याने लागणार होती फक्त थोडी झाडी आणि पाहणारा एक माणूस.

त्या भरभर चालण्याचं कारण साधं आहे. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा वेग ठरलेला नसे. बहुतेकदा सेकंदाला २४ फ्रेमपेक्षा कमीच. बोलपटात आवाजाची पट्टी फिल्मवरच आली. वेग हलला की आवाज बिघडणार, म्हणून २४ फ्रेमचा वेग पक्का झाला. जुनं रीळ त्या वेगाने फिरवलं की त्यातली माणसं पळायलाच लागतात.

दिग्दर्शक हॅरी फ्रेझरपुढची खरी अडचण मात्र वेगाची नव्हती. त्याचा नायक कुणालाही हात लावू शकत नव्हता. कुणाला वाचवू शकत नव्हता, कुणाशी बोलूही शकत नव्हता. मग कथाच तशी रचली गेली. जखमी झालेला नायक जंगलातल्या एका व्यापारी ठाण्यावर येतो आणि आपण काय काय पाहिलं ते सांगतो. मूक माणसांवर त्याचा आवाज पसरतो आणि दोन काळ शिवले जातात. टाके दिसतात, हे खरं. पण हाताशी जे आहे त्यातूनच गोष्ट उभी करायची ही जिद्द मला फार मोलाची वाटते.

आणि पांढरा गोरिला? तोही कॉरिगनच.

व्यायामशिक्षक म्हणून हॉलिवूडमध्ये आलेला हा धिप्पाड गडी काउबॉयपटांचा नायक झाला, पण गोरिलाचे पोशाख त्याने सोडले नाहीत. ते त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते. निर्मात्याला माणूस आणि पोशाख एकाच ठिकाणी मिळे. केसाळ कातड्याच्या आत उकाडा, मुखवट्यातून जेमतेम दिसणारी वाट, आणि चेहरा झाकलेला असल्यामुळे राग असो की वेदना, सगळं खांद्यांतून आणि पाठीतून दाखवायचं. झुडपामागच्या कॉरिगनपेक्षा पोशाखातला कॉरिगन मला जास्त जिवंत वाटतो.

या चित्रपटाची एक बाजू मात्र आज पाहवत नाही. आफ्रिकेतली माणसं इथे फक्त भीती दाखवायला येतात. ना नाव, ना घर. १९२७ मध्ये जे चुकलं होतं, ते १९४५ मध्ये जसंच्या तसं पुन्हा पडद्यावर आलं. रिळासोबत नजरही जुनीच आली.

कथेतला गोरिला पांढरा आहे म्हणून काळे गोरिला त्याला कळपाबाहेर काढतात. एकटेपणाने तो पिसाळतो. सगळी कथा या एका कल्पनेवर उभी आहे.

चित्रपटानंतर २१ वर्षांनी, १९६६ मध्ये, आफ्रिकेतल्या तेव्हाच्या स्पॅनिश गिनीत (आजचा इक्वेटोरियल गिनी) खराखुरा पांढरा गोरिला सापडला. अगदी लहान पिल्लू. पुढे बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात तो ‘कोपितो दे नियेवे’, म्हणजे हिमकण, या नावाने वाढला आणि २००३ मध्ये वारला. तो सापडला तेव्हा त्याचा कळप बंदुकीला बळी पडला होता. त्याची आईही. ती काळी होती. पिल्लू तिच्या अंगाला घट्ट बिलगून होतं.