उसातलं भूत कोणाचं?

(दृश्य : संध्याकाळ, गावाबाहेरचा पिंपळ)

आपल्याकडच्या भुतांना जात असते. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. ब्रह्मसमंधही त्याच घरचा. खवीस मुसलमानाचा समजतात. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. मेल्यावरही माणसाची जात, धर्म आणि बाईपण सुटलं नाही.

हीच भुतावळ आता मोबाइलवरच्या भयपटांत उतरली आहे. बीड, परभणी, हिंगोलीकडची पोरं पडका वाडा शोधतात, वर्गणी काढतात आणि रात्री शूटिंग लावतात. त्यांच्या सिनेमात नायकच विचारतो, “का गं माय, एवढ्या रातीची कुठं निघालीस?” ही बोली आपण मोठ्या पडद्यावर बहुतेकदा गड्याच्या नाहीतर हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी ऐकली. इथं ती नायकाची झाली, याचं मोल फार आहे.

पण मांत्रिक आला की पोरं जुन्याच वाटेनं जातात. त्याला अंगाला राख, हातात घंटी आणि शंख देतात. हा वेश मसणजोग्यांचा. स्मशानाच्या आसऱ्यानं राहून दारोदार मागून खाणारी ही भटकी जमात. पडद्यावर तो फक्त करणी करतो. त्याला घर नाही, लेकरं नाहीत. अशा चित्रणानं काय बिघडतं, असं कुणी म्हणू नये. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. परका, फाटका माणूस दिसला की गाव आधी संशयच घेतं. आपल्या सिनेमानं त्यात भर घालू नये.

हातात पैसा नसला तरी वेगळं करता येतं. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी जेमतेम सव्वा लाख डॉलरच्या आसपास ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं. नायक म्हणून घेतला ड्वेन जोन्स, हा काळा नट. उठलेल्या मढ्यांशी तो रात्रभर झुंजतो, वाचतो. सकाळी बंदुका घेऊन आलेले गोरे लोक त्यालाच मढं समजून गोळी घालतात. त्या काळच्या अमेरिकेत या शेवटाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

मराठीत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई दाखवली आणि भुताच्या गोष्टीतून मुलींच्या हत्येपर्यंत नेलं. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. आपल्या भयपटाचा विषय इतका जवळ आहे.

(दृश्य : उसाचा फड, रात्रीचं शूटिंग)

ही मुलगी हडळ झाली आहे. चेहऱ्यावर टाल्कम पावडर, डोळ्यांभोवती पसरलेलं काजळ, हनुवटीवरून ओघळणारा साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग. मुंग्या लागतात म्हणून ती सारखी मान पुसते आहे. पटकथेत तिला एकही वाक्य नाही, नुसती किंकाळी.

ती ऊसतोड कामगारांच्या घरची. रात्रीचा ऊस या सेटवर तिच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. रात्री दोनला गाडी आली की मोळ्या भरायला उठायचं. लेकरू बांधावर निजवायचं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं आणि दर खेपेला त्या बांधाकडं पाहायचं. पाचटात काही सळसळलं की काळजात जे होतं, ते कुठल्याच पार्श्वसंगीतात येत नाही. हिला हडळ करून गप्प बसवलं, हे मला फार लागतं. गोष्ट तिच्याकडे आहे. नायिका तीच हवी, आणि शेवटी जिवंतही तीच राहायला हवी.

यात अडचण खरी आहे. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, ती परततात उन्हाळ्यात. म्हणजे शूटिंग पावसाळ्यात उरकायचं, नाहीतर मोबाइल घेऊन कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या त्यांच्या झोपड्यांवर, जायचं. मी दुसरं सुचवेन. तिथं गाडीच्या दिव्यांचा खरा उजेड मिळेल, कोयत्यांचा खरा आवाज मिळेल, आणि पटकथा वाचून “असं नसतं बाबा” म्हणत चुका काढणाऱ्या बायाही भेटतील.